नाव दुसऱ्याचं, जाहिराती माझ्या

ताई, सप्रेम नमस्कार.

मी २६ वर्षांचा, बी.कॉम. झालेला, तासगाव तालुक्यातला. घरची द्राक्षबाग वडील आणि मोठा भाऊ बघतात. दोन वर्षं कुरिअरच्या ऑफिसात होतो, सध्या घरीच आहे. गेल्या वर्षी बारा हजार भरून एक ऑनलाइन कोर्स केला. मुदत संपलेली डोमेन, म्हणजे वेबसाइटची नावं, लिलावात घ्यायची, त्यांच्यावर जाहिराती लावायच्या आणि घरबसल्या महिन्याला पन्नास हजार कमवायचे, असा तो कोर्स. मी नऊ नावं घेतली. लिलाव आणि होस्टिंग मिळून ३८ हजार गेले, त्यातले वीस हजार आईच्या भिशीचे. सहा नावं पार्किंगला लावली, म्हणजे त्यांच्यावर नुसतं जाहिरातींचं पान ठेवलं, तिथे सात महिन्यांत दोन डॉलरही जमले नाहीत. तीन नावांवर एआयकडून लेख लिहून घेऊन ॲडसेन्स, म्हणजे गुगलच्या जाहिराती, लावलं, तिथे ११ डॉलर ७० सेंट झाले. मित्रांना सांगून थोडे क्लिक करून घेतले, खोटं कशाला बोलू.

खरा प्रश्न वेगळाच आहे. पार्किंगला लावलेल्यांपैकी एक डॉट ऑर्ग नाव आमच्या जिल्ह्यातल्या एका रक्तपेढीच्या ट्रस्टचं होतं. त्यांनी रिन्यू केलं नाही आणि मला ते ४,८०० रुपयांत मिळालं. त्याला कॉलेजांच्या आणि सरकारी साइट्सवरून लिंक आहेत म्हणून घेतलं. पानावर 'हे नाव विक्रीस आहे' लिहून माझा नंबर टाकला होता. मागच्या आठवड्यात ट्रस्टमधून एका वयस्कर गृहस्थांचा फोन आला, 'बाळ, ते नाव आमचं आहे. तुझा काय खर्च झाला तो सांग आणि परत दे.' कोर्सचे सर म्हणतात, पन्नास हजारांपासून सुरू कर, पंचवीसला तोड. शिवाय त्या नावावर येणारे सगळे मेल मी माझ्याकडे वळवून घेतलेत. दोन उघडले. एकात एका कॉलेजच्या एनएसएसच्या मॅडमनी रक्तदान शिबिरासाठी तारीख मागितली आहे. ट्रस्टला हे अजून सांगितलं नाही.

किती मागू? आणि बाकीच्या आठ नावांचं काय करू?

— अ., तासगाव तालुका

*

प्रिय अ.,

माझा मुलगा तुझ्यापेक्षा वर्षाने मोठा आहे, म्हणून सरळ 'तू' म्हणते.

पन्नास हजार मागू नकोस आणि पंचवीसही नको. तुझा खर्च ४,८०० झाला, वर ट्रान्सफरचं काही लागलं तर ते धर. पावती दाखव आणि तेवढेच घे. मी हे पुण्यकर्म म्हणून सांगत नाहीये, त्याकडे नंतर येऊ. आधी तुझा स्वतःचा बचाव बघ.

डॉट कॉम, डॉट ऑर्ग अशा नावांच्या भांडणांसाठी १९९९पासून एक नियमावली आहे, तिला यूडीआरपी म्हणतात. डोमेन घेताना आपण ज्या लांबलचक अटींवर न वाचता टिक करतो, त्यांत ती असते, म्हणजे तू तिला आधीच होकार दिलेला आहेस. तक्रार करणाऱ्याला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. नाव त्याच्या नावासारखंच आहे, तुझा त्यावर रास्त हक्क नाही, आणि तू ते वाईट हेतूने घेऊन वापरलंस. हेतू कसा ओळखायचा याची उदाहरणं नियमांतच दिली आहेत. त्यांतलं पहिलंच असं की मूळ नावाच्या धन्यालाच, आपल्या खर्चाच्या पुराव्यापेक्षा जास्त किमतीला विकण्याच्या मुख्य उद्देशाने नाव घेणं. तू फोनवर 'पन्नास हजार' म्हणालास की तो पुरावा त्यांच्या हातात तू स्वतःच ठेवलास. सरांनी तुला घासाघीस शिकवली, ही ओळ मात्र शिकवली नाही.

'त्यांचा ट्रेडमार्क कुठे रजिस्टर आहे?' असं तुझ्या मनात येईल. नसला तरी वापराने ओळख मिळालेलं नाव चालतं. 'जाहिराती मी निवडत नाही, पार्किंगवाली कंपनी लावते' हाही बचाव तिथे टिकत नाही. नाव ज्याच्या खात्यात, पानाची जबाबदारी त्याची. दुसऱ्याच्या नावासारखं डोमेन घेऊन वापरता येत नाही, हे आपल्याकडच्या कोर्टांनी तर फार आधीपासून मान्य केलंय. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयात रेडिफ विरुद्ध सायबरबूथ हा खटला चालला. समोरच्यांनी 'आर-ई'च्या जागी 'आर-ए' घालून 'रॅडिफ' नाव घेतलं होतं. कोर्टाने त्यांना ते वापरायला मनाई केली. २००४मध्ये सत्यम इन्फोवेच्या 'सिफी' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की डोमेनला व्यापारी नावासारखंच संरक्षण मिळतं. यूडीआरपीत फार तर नाव जातं, कोर्टात नुकसानभरपाईसुद्धा मागता येते.

आता हे नाव त्यांच्या हातून सुटलं कसं ते सांगते, कारण असं माझ्या हातूनही सुटलंय.

२०११च्या सुमाराला मी पुण्यात चार-पाच संस्थांच्या वेबसाइट सांभाळायचे. त्यांतलं एक शास्त्रीय संगीताचं मंडळ होतं. नाव घेताना मी माझा तेव्हाच्या ऑफिसचा ईमेल दिला होता. पुढे ती नोकरी सोडली, ईमेल बंद झाला आणि मुदतीची सगळी स्मरणपत्रं त्या बंद पत्त्यावर जात राहिली. डॉट कॉम किंवा डॉट ऑर्ग नाव मुदत संपल्या दिवशी लगेच जात नाही. पहिले जास्तीत जास्त ४५ दिवस रजिस्ट्रारच्या, म्हणजे नाव विकणाऱ्या कंपनीच्या, मर्जीचे असतात, तेवढ्यात नेहमीच्या पैशात रिन्यू होऊ शकतं. मग ३० दिवस असे, की नाव सोडवता येतं पण दंड भरून, आणि तो दंड वर्षाच्या फीच्या कितीतरी पट असतो. शेवटचे पाच दिवस कुणालाच काही करता येत नाही, आणि मग नाव बाजारात. तुझ्यासारख्यांना ते बऱ्याचदा त्याही आधी मिळतं, कारण रजिस्ट्रार पहिल्याच टप्प्यात लिलाव मांडून मोकळे होतात. म्हणजे मला अडीच महिने मिळाले होते आणि मी एकदाही तिकडे बघितलं नाही. मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा साइटवर जपानी अक्षरं आणि बुटांची चित्रं होती. पाडव्याच्या मैफलीच्या चारशे पत्रिका छापून आल्या होत्या आणि खाली तोच पत्ता. आम्ही तिघं-चौघं एका दुपारी सेक्रेटरींच्या घरी बसून चारशे पत्रिकांवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवत होतो. ते एक अक्षर बोलले नाहीत, मधून मधून चहा तेवढा पाठवत होते. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तुझ्या ट्रस्टचंही असंच काहीतरी झालं असणार. साइट करून देणारा मुलगा पुण्याला नाहीतर परदेशी गेला, नाव त्याच्या ईमेलवर, आणि ऑफिसात कुणाला पत्ताच नाही. तू चोरी केलेली नाहीस, हे मान्य आहे. नाव खुल्या लिलावात होतं. पण बीळ खोदलं कुणी आणि नागोबा कोण, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे.

ते पान मी माझ्या फोनवर उघडून बघितलं. (पत्ता तू दिला होतास, इथे छापत नाही.) वर रक्तपेढीचं नाव, खाली एकाखाली एक पाच पट्ट्या. 'ब्लड टेस्ट निअर मी', 'हेल्थ इन्शुरन्स', 'फुल बॉडी चेकअप', असलं सगळं. पट्टीवर बोट ठेवलं की पुढे आणखी जाहिराती. रात्री अकरा वाजता ओ निगेटिव्हची पिशवी शोधणारा माणूस एखाद्या कॉलेजच्या जुन्या पानावरची लिंक दाबून इथे येतो आणि विम्याच्या जाहिरातीत अडकतो. तुला त्यातून मिळतात सेंट, तेही मिळाले तर. ज्या लिंकांमुळे हे नाव तुला मोलाचं वाटलं, त्या त्याच माणसाला वाट दाखवायला कुणीतरी लावून ठेवल्या होत्या.

आणि तो मेलचा प्रकार मला जाहिरातींपेक्षा जास्त गंभीर वाटतो. जुन्या नावाच्या मागे जुनी पत्रव्यवहाराची वाट चालूच राहते. २०१८मध्ये ऑस्ट्रेलियात एका सुरक्षा संशोधकाने बंद झालेल्या, विलीन झालेल्या वकिली फर्म्सची सुटलेली नावं मुद्दाम घेऊन बघितली, तर अशिलांचे आणि बँकांचे मेल त्याच्याकडे येऊ लागले. जुन्या ईमेलवर 'पासवर्ड विसरलो' दाबून कुठली कुठली खाती उघडता येतील, हे दाखवायला त्याने तो प्रयोग केला होता. तुझ्याकडे येतंय ते रक्तपेढीचं. उद्या त्यात कुणाचा एचआयव्ही किंवा काविळीचा रिपोर्ट आला तर तू काय करणार आहेस? म्हणून हे पत्र वाचून झाल्यावर पहिलं काम, मेल वळवणं बंद कर. दुसरं, जाहिरातीचं पान काढून तिथे एक ओळ टाक: 'रक्तपेढीची साइट सध्या बंद आहे, चौकशीसाठी या नंबरवर फोन करा', आणि नंबर त्यांचा, त्यांना विचारून. तिसरं, आलेले मेल जसेच्या तसे त्यांना पाठव आणि दोन उघडले हेही सांग. लपवलंस तर पुढे कधीतरी दुसऱ्याच कुणाकडून कळेल, आणि तेव्हा तुझं खरंही कुणी ऐकणार नाही.

नाव परत देणं सोपं आहे. तुझ्याच रजिस्ट्रारकडे ट्रस्टला त्यांच्या नावाने खातं उघडायला सांग, संस्थेच्या ईमेलवर, कुणा एकट्या माणसाच्या नाही. मग तुझ्या खात्यातून त्यांच्या खात्यात ढकल, बहुतेक रजिस्ट्रार त्याचे पैसे घेत नाहीत. दुसरीकडे न्यायचं असेल तर लॉक काढून ट्रान्सफरचा कोड द्यावा लागतो. पैसे ट्रस्टच्या खात्यातून घे आणि त्यांना पावती लिहून दे.

१९९९च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीची फी भरायची राहिली होती. पासपोर्ट डॉट कॉमचे ३५ डॉलर. त्यांच्या हॉटमेल या ईमेलचं लॉगिन त्याच नावावरून व्हायचं, त्यामुळे लोकांना हॉटमेल उघडेना. मायकेल चेनी नावाच्या एका प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डाने ते ३५ डॉलर भरून टाकले आणि हॉटमेल सुरू झालं. मायक्रोसॉफ्टने नंतर त्याला ५०० डॉलरचा चेक पाठवला. नाव तेव्हा हातातून गेलेलं नव्हतं, त्यामुळे तुझी गोष्ट तंतोतंत तशी नाही. पण ट्रस्टने खर्चावर स्वतःहून काही दिलं तर खुशाल घे. फक्त तोंड उघडून मागू नकोस.

आता कमाईबद्दल. तुला फसवलं म्हणायचं की वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आजची म्हणून विकली म्हणायचं, ते तू ठरव. कारण या धंद्यात एके काळी खरंच पैसा होता, आणि तो कुठून येत होता हे कळल्याशिवाय तो का आटला ते कळणार नाही.

१९९८मध्ये गोटू डॉट कॉम या शोधाच्या साइटने निकालात क्लिकमागे पैसे घ्यायला सुरुवात केली. तेव्हा लोक पत्त्याच्या जागेत थेट नाव टाइप करायचे. बूट हवे तर 'शूज', पुढे डॉट कॉम. शब्द बरोबर असला, किंवा बंद पडलेल्या साइटचं नाव हातात असलं, तर काहीही न करता माणसं दारात यायची. तिथे जाहिरातींच्या पट्ट्या लावायच्या, हेच पार्किंग. २००३मध्ये गुगलने अप्लाइड सिमँटिक्स नावाची कंपनी घेतली, तिच्याकडे असल्या पानांवर जाहिराती लावायची यंत्रणा तयार होती. २००४च्या शेवटी मार्चेक्स या अमेरिकन कंपनीने युन ये नावाच्या एका माणसाचा नावांचा साठा घ्यायचं ठरवलं. एक लाखाहून जास्त नावं, त्यांतली पुष्कळशी लोकांच्या हातून सुटलेली. किंमत सुमारे १६ कोटी ४० लाख डॉलर. कोर्सवाल्यांच्या पहिल्या व्हिडिओत जी स्वप्नं असतात, ती सगळी या एका सौद्याची पिल्लं.

त्याच काळात आणखी एक गंमत चालायची. नाव घेतल्यावर पाच दिवसांत परत केलं तर पैसे परत मिळायचे. टंकनाची चूक झाली तर, म्हणून ठेवलेली सवलत. काही जण लाखोंनी नावं घेऊन पाच दिवस जाहिराती लावायचे, जी फी भरून काढतील ती ठेवायची आणि बाकीची परत. दुकानातून साडी आणून लग्नात नेसून सोमवारी परत करावी तसं. २००८मध्ये नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅनने ठरावीक प्रमाणाबाहेर परत केलेल्या प्रत्येक नावामागे २० सेंट आकारायला सुरुवात केली, पुढच्या वर्षी नियम आणखी कडक केला, आणि हा प्रकार ९९ टक्क्यांहून जास्त घटला. २० सेंट! मला हा आकडा फार आवडतो. ज्या धंद्याला २० सेंटचा भार सोसत नाही, त्यात कष्ट किती आणि माल किती असेल?

मग क्रोम आलं, २००८मध्येच. पत्त्याची जागा आणि शोधायची जागा एक झाली. 'शूज' टाइप केलं की नाव उघडण्याऐवजी गुगलचा निकाल समोर. आपल्याकडचे बहुतेक लोक तर नेटवर आले तेच २०१६नंतर, जिओ आल्यावर, हातात फोन घेऊन. त्यांनी डॉट कॉम कधी टाइपच केलं नाही. तुझ्या वडिलांना विचारून बघ, हवामान बघताना ते कुठला पत्ता टाइप करतात. ते माइक दाबून बोलतात, नाहीतर ग्रुपवर आलेली लिंक उघडतात. मोकळ्या नावाच्या दारात चुकून येणारी माणसं अशी संपली. उरलेसुरले पैसे होते त्यावर गुगलने २०२५च्या मार्चमध्ये घाव घातला. पार्क केलेल्या पानांवर जाहिरातदारांच्या जाहिराती आपोआप जायच्या, त्या बंद केल्या. ज्याला हव्या होत्या त्याने मुद्दाम चालू करायच्या, आणि असल्या पानावर पैसे घालायला कोण मुद्दाम जाणार होतं? तुझे सहा नावांवर सात महिन्यांत दोन डॉलर झाले नाहीत, त्यात तुझं कौशल्य कमी पडलेलं नाही. विहिरीलाच पाणी नाही.

एआयच्या लेखांचं दुकानही असंच. जुन्या नावाला असलेल्या लिंकांची पुण्याई वापरून भलताच मजकूर गुगलच्या शोधात वर आणायचा, याला गुगलने २०२४च्या मार्चपासून स्पॅमच्या नियमांत स्वतंत्र कलम दिलंय, मुदत संपलेल्या डोमेनचा दुरुपयोग म्हणून. यंत्राने ढिगाने पाडलेल्या मजकुराचं वेगळं. त्याच वर्षी 'द हेअरपिन' या बायकांनी चालवलेल्या जुन्या अमेरिकन साइटची बातमी गाजली. साइट २०१८मध्ये बंद पडली, पुढे नाव सुटलं, सर्बियातल्या एका उद्योजकाने ते घेतलं आणि एआयचे लेख भरले. जुने लोकप्रिय लेख तसेच ठेवले, पण लेखिकांची नावं काढून तिथे पुरुषांची घातली. मी ती बातमी दोनदा वाचली. चोरी समजते, पण माणूस बायकांची नावं पुसायचे कष्ट का घेतो, ते मला आजवर उमगलेलं नाही.

तुझ्या ११ डॉलर ७० सेंटचा हिशेब करू. ॲडसेन्स शंभर डॉलर जमल्याशिवाय पैसे पाठवत नाही. सात महिन्यांत पावणेबारा, या वेगाने शंभरला पाच वर्षं. तोवर नऊ नावांचं रिन्यूअल, एकेकाला हजार-बाराशे धरले तरी वर्षाला दहा हजारांच्या घरात. दहा डॉलर झाले की पत्ता तपासायला गुगलचं पिनचं पाकीट पोस्टाने येतं. तुझ्याकडेही आलं असेल आणि आईला वाटलं असेल पैसेच आले. तिला सांग की तो नुसता पिन आहे. आणि मित्रांचे क्लिक आजपासून बंद. ते गुगलला ओळखता येतात, खातं कायमचं जातं, आणि एका माणसाला एकच खातं मिळतं. पुढे कधी चांगलं काही केलंस तर हेच खातं लागेल.

बाकीच्या आठ नावांची यादी बघितली. प्रत्येक नावाचा आधी सातबारा काढायचा असतो. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पत्ता टाकला की त्या जागी कोणत्या वर्षी काय होतं ते दिसतं, फुकट. मी टाकून बघितले. दोन नावांवर तू घ्यायच्या आधी वर्षभर इंडोनेशियन जुगाराची पानं होती, 'स्लॉट गाचोर' वगैरे. हे लोक जगभरच्या शाळा-कॉलेजांची सुटलेली नावं घेऊन असंच करतात. हा सातबाऱ्यावरचा बोजा. नाव तुझ्याकडे आलं, बोजाही आला. शोधात वर येणार नाही आणि त्या नावावरून पाठवलेले मेल स्पॅममध्ये पडतील. ही दोन सोडून दे. तीन नावं परदेशी क्लबांची आणि एका शाळेची आहेत. त्यांच्यावरचे लेख आजच काढ. शाळेने विचारलं तर रक्तपेढीसारखंच दे, क्लबांची वर्षअखेर आपोआप जाऊ देत. ऑटो-रिन्यूची खूण मात्र आठवणीने काढ, नाहीतर कार्डातून पैसे जातील. दोन नावं म्हणजे कुठल्या तरी कंपनीच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे. ती ठेवायचीच नाहीत, रॅडिफची गोष्ट वर सांगितलीच.

राहिलं आठवं, बेदाण्याचं. साधा शब्द, कुणाची मालकी नाही, पूर्वी कुणीतरी दोन पानं टाकून सोडून दिलेलं. हे तू कशाला घेतलंस माहीत नाही, बहुधा स्वस्त मिळालं म्हणून. सबंध यादीत हे एकच तुझं आहे. तासगाव-सांगलीच्या बेदाण्याच्या सौद्यांत काय चाललंय हे तुला घरबसल्या कळतं. हिरवा किती गेला, पिवळा किती, काळ्याला कुणी विचारलं का, शेडवर माल कधी तयार होतोय. ते रोज मराठीत चार ओळींत लिही. गुगलच्या जाहिरातींतून मराठी मजकुराला फार मिळत नाही, ॲडसेन्स मराठीला चालतं एवढंच. पण कोल्ड स्टोरेजवाले, डिपिंग ऑइल विकणारे, खोकी बनवणारे यांना नेमका तुझाच वाचक हवा असतो. त्यांच्याकडून थेट महिन्याचे पाचशे-हजार घे. चार जण मिळाले तरी तुझ्या नऊ नावांच्या सात महिन्यांपेक्षा जास्त होतात. पहिले सहा महिने कुणी देणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते. आणि जे येईल, परदेशातून वा गावातून, ते रिटर्नमध्ये दाखव. रक्कम लहान आहे म्हणून सोडू नकोस.

आईचे वीस हजार या नावांतून निघणार नाहीत. ते तिला स्पष्ट सांग आणि दुसरीकडून कमवून दे. एक सुचवते. तुला आता सुटलेली नावं शोधायला येतात. तेच उलटं कर. तुमच्या भागातल्या पतसंस्था, कॉलेजं, वाचनालयं, दवाखाने यांची नावं घे आणि कुणाची मुदत कधी संपते ते बघ, ती तारीख कुणालाही बघता येते. महिन्याभरात संपणारी दिसली तर ऑफिसात जाऊन सांग. नाव कुणाच्या ईमेलवर आहे ते निम्म्या ठिकाणी कुणालाच सांगता येणार नाही, मी पैजेवर सांगते. ते शोधून संस्थेच्या नावावर करून देणं, पाच वर्षांचं रिन्यूअल एकदम भरून टाकणं आणि तारीख वहीत लिहून ठेवणं, याचे लोक वर्षाला पैसे देतात. मी दहा वर्षं त्यावर घर चालवलं. पट्ट्या चिकटवल्या त्या दुपारनंतर माझ्याकडचं एकही नाव सुटलेलं नाही.

कोर्सच्या सरांकडे पैसे परत मागून बघ, लेखी. देतील असं वाटत नाही.

ट्रस्टच्या त्या गृहस्थांना मेसेज नको, फोन करून प्रत्यक्ष बोल. जमलं तर गाडी काढून जाऊनच ये, सांगली काही लांब नाही. आणि ते एनएसएसच्या मॅडमचं पत्र छापून सोबत ने. त्यांनी शिबिरासाठी कुठली तारीख मागितली आहे ते तू लिहिलं नाहीस. ती अजून गेली नसेल तर आधी रक्तपेढीत फोन करून तेवढं सांग, बाकीचं नंतर.

— ताई